'देणे' या क्रियापदाचे कर्म आणि संप्रदान : काटोल परिसरातील बोलीच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

'देणे' हे क्रियापद कोणत्याही भाषेतील नित्य वापरातील क्रियापदांपैकी एक होय. मूल भाषा शिकू लागते तेव्हा जी मोजकी क्रियापदे त्याच्या तोंडी प्रथम येतात त्यांत 'दे' असतेच. असे असूनही या क्रियापदाची वाक्यरचना साधी नाही. 'खाणे', 'पाहणे', 'मारणे' या क्रियांना करणारा आणि कर्म असे दोन घटक पुरतात. देण्याच्या क्रियेला तीन लागतात. देणारा, दिली जाणारी वस्तू आणि घेणारा. प्रस्तुत विवेचनात यांना अनुक्रमे दाता, देय आणि प्रतिग्रहीता असे म्हटले आहे. क्रियेचा परिणाम देयावरही होतो आणि प्रतिग्रहीत्यावरही. मग या दोहोंपैकी क्रियापदाचे खरे कर्म कोणते, आणि ते कर्म आहे हे भाषा कोणत्या खुणेने दाखविते, हा प्रश्न उभा राहतो.

मराठीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा होतो, कारण द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्त्यांचे प्रत्यय येथे एकच आहेत. प्रमाण मराठीतील 'ला' आणि नागपुरी-वऱ्हाडीतील 'ले' ही एकच खूण दोन कामे करते. बहुतेक वाक्यांत यामुळे काही अडत नाही. जेथे अडते अशी एक रचना मात्र मराठी समाजात अत्यंत परिचित आहे, ती म्हणजे 'मुलगी देणे'. नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरातील बोलीच्या आधारे या रचनेचा उलगडा करणे हा येथील हेतू आहे. या रचनेकडे केवळ समाजशास्त्रीय पुरावा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती असल्याने तिची व्याकरणिक बाजू आधी स्पष्ट होणे आवश्यक आहे. खालील उदाहरणवाक्ये मुद्दा स्पष्ट करण्यासाठी रचलेली आहेत.

२. संप्रदानाची संकल्पना

पाणिनीने कर्म आणि संप्रदान ही दोन कारके स्वतंत्र मानली. अष्टाध्यायीतील १.४.३२ या सूत्राचा आशय असा की, कर्माच्या द्वारे कर्ता ज्याच्याशी संबंध जोडू पाहतो ते संप्रदान. या व्याख्येत संप्रदान हे कर्मावर अवलंबून आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आधी देय, मग त्याच्या मार्गाने प्रतिग्रहीता. संस्कृतात या दोन कारकांना सामान्यतः द्वितीया आणि चतुर्थी असे निराळे प्रत्यय असल्याने दोहोंची गल्लत होण्याचे कारण नव्हते.

तथापि 'देणे' म्हणजे नेमके काय, याविषयी परंपरेतच मतभिन्नता होती. धोब्याकडे धुण्यासाठी वस्त्र दिले तर त्यावरील स्वामित्व सुटत नाही. म्हणून तेथे धोबी हा संप्रदान नव्हे आणि त्याला चतुर्थी न लावता षष्ठी लावावी, असे एक मत टीकापरंपरेत मांडले गेले. उलट पतंजलीच्या महाभाष्यात गुरूने शिष्याला चपराक दिल्याचा जो उल्लेख येतो त्यात शिष्याला चतुर्थीच आहे. चपराकीवर कोणाचेही स्वामित्व नसते. म्हणजे स्वामित्वाचा त्याग ही संप्रदानाची अट होऊ शकत नाही.

हा सूक्ष्म भेद आजच्या मराठीने आपल्या पद्धतीने जपला आहे. 'वावर भावाले देल्लं' आणि 'वावर भावाकडं देल्लं' ही दोन वाक्ये काटोलकडील शेतकऱ्याला एकार्थी वाटणार नाहीत. पहिल्यात वावर भावाचे झाले असा अर्थ सहज निघतो. दुसऱ्यात ते केवळ त्याच्या हवाली केले आहे. सोनाराला दिलेला दागिना आणि सोनाराकडे दिलेला दागिना यांतही हेच अंतर आहे. अर्थात 'मक्त्यानं' हा एक शब्द वाक्यात आला की 'वावर भावाले मक्त्यानं देल्लं' यातील 'ले' स्वामित्व सुचवीत नाही. सारांश, 'ला/ले' प्रतिग्रहीता दाखविते. 'कडे' दिशा आणि ठिकाण दाखविते. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३. भाषांच्या तीन रीती

जगातील भाषा देय आणि प्रतिग्रहीता यांना कसे वागवितात याचे वर्गीकरण करताना अभ्यासक 'मारणे', 'फोडणे' यांसारख्या साध्या सकर्मक क्रियापदाच्या कर्माशी तुलना करतात. त्यातून तीन रीती दिसतात. पहिल्या रीतीत देय हे साध्या कर्मासारखे असते आणि प्रतिग्रहीत्याला निराळी खूण लागते. दुसरीत दोघांनाही कर्मासारखेच वागविले जाते. इंग्रजीतील दोन रचनांपैकी एक अशी आहे. तिसरीत प्रतिग्रहीता हाच साध्या कर्मासारखा असतो आणि देयाला निराळी खूण मिळते. पश्चिम ग्रीनलंडच्या भाषेत देयाला करणार्थी प्रत्यय लागतो. जणू 'त्याला पुस्तकाने दिले' अशी रचना. या तिसऱ्या रीतीकडे मॅथ्यू ड्रायर यांच्या १९८६ सालच्या लेखाने विशेष लक्ष वेधले. मार्टिन हास्पेलमाथ यांनी २००५ साली प्रकाशित झालेल्या भाषारचनांच्या जागतिक नकाशासंग्रहात ३७८ भाषांतील 'देणे' या क्रियापदाचा आढावा घेतला. त्यांपैकी १८९, म्हणजे बरोबर निम्म्या भाषा पहिल्या रीतीच्या ठरल्या.

मराठी कोणत्या रीतीची? क्रियापदाच्या सुसंगतीकडे पाहिले तर उत्तर सरळ आहे. 'बापानं पोराले वावर देल्लं', 'बापानं पोराले बंडी देल्ली', 'बापानं पोराले पैसे देल्ले' या वाक्यांत क्रियापद वावर, बंडी, पैसे यांच्या लिंगवचनानुसार बदलते. पोराच्या लिंगवचनाशी त्याला कर्तव्य नाही. कर्मणी प्रयोगाची ही कसोटी देयालाच कर्म ठरविते. मराठी पहिल्या रीतीची ठरते.

प्रत्ययाकडे पाहिले तर मात्र चित्र उलटते. साध्या सकर्मक वाक्यात सचेतन कर्माला 'ले' लागते : 'त्यानं पोराले मारलं'. देण्याच्या वाक्यात 'ले' प्रतिग्रहीत्याला लागते : 'त्यानं पोराले पैसे देल्ले'. म्हणजे प्रत्ययाच्या दृष्टीने मार खाणारा आणि पैसे घेणारा सारखेच, आणि पैसे निराळे. ही तिसऱ्या रीतीची छटा झाली. सुसंगती एक सांगते आणि प्रत्यय दुसरे सांगतो. मराठीतील पेचाचे मूळ येथे आहे.

४. 'ले' आणि त्याचे सगेसोयरे

प्राकृतात चतुर्थी मागे पडली आणि तिचे कार्य बव्हंशी षष्ठीने केले. पुढे नव्या भाषांनी आपापल्या खुणा घडविल्या. जुन्या मराठीत 'सि', 'तें', 'लागीं' अशी रूपे आढळतात. 'ला' या प्रत्ययाचा संबंध अनेक अभ्यासक 'लागीं'शी जोडतात. आजच्या घडीला प्रमाण मराठीत 'ला', नागपुरी-वऱ्हाडीत आणि अहिराणीत 'ले', कोकणीत 'क', हिंदीत 'को' आणि गुजरातीत 'ने' अशा निरनिराळ्या खुणा आहेत. रूपे वेगळी असली तरी या सर्वांत एक साम्य आहे. प्रतिग्रहीता आणि सचेतन कर्म या दोहोंसाठी एकच खूण वापरली जाते.

द्राविड भाषांचे तसे नाही. कन्नडमध्ये द्वितीयेला 'अन्नु' आणि चतुर्थीला 'गे' किंवा 'इगे' असे स्वतंत्र प्रत्यय आहेत. 'मला' या एका मराठी शब्दासाठी तेथे 'नन्नन्नु' आणि 'ननगे' असे दोन शब्द आहेत. तेलुगूतही द्वितीयेचा 'नि' आणि चतुर्थीचा 'कि' वेगळे आहेत. त्यामुळे देय मनुष्य असला आणि प्रतिग्रहीताही मनुष्य असला तरी या भाषांत दोघांनाही आपापला प्रत्यय लावता येतो आणि संदिग्धता उरत नाही.

काटोल हे नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, संत्र्यांच्या बागाइतीसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. पश्चिमेस अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी, दक्षिणेस वर्धा जिल्हा आणि उत्तरेस मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर असा त्याचा शेजार आहे. १९५६ पर्यंत नागपूर जिल्हा मध्य प्रदेशात असल्याने हिंदीचा सहवासही जुना. नागपुरी आणि वऱ्हाडी या एकमेकींत मिसळणाऱ्या बोलींच्या पट्ट्यात हा परिसर मोडतो. येथे 'मले', 'तुले', 'त्याले', 'तिले', 'पोरीले' ही रूपे सर्वसामान्य आहेत. हेच 'ले' गावाच्या नावालाही लागते : 'तो नागपूरले गेला'.

या बोलींचे पद्धतशीर वर्णन ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात आढळते. सर्वेक्षणाने बहुतेक बोलींचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर घेतले. तो दृष्टान्त देण्याच्या क्रियेनेच सुरू होतो : धाकटा मुलगा बापाजवळ आपला वाटा मागतो. शेवटी थोरला मुलगा आपल्याला कधी करडूही दिले नाही अशी तक्रार करतो. त्यामुळे देण्याच्या वाक्यांचा एक तुलनात्मक संग्रहच अभ्यासकांच्या हाती आपोआप आला आहे. मात्र त्याला एक मर्यादा आहे. त्या कथेत कोणीही कोणाला माणूस देत नाही. देय सर्वत्र संपत्ती, वस्तू किंवा जनावर आहे. मराठी रचनेची खरी परीक्षा जेथे होते ते वाक्य या नमुन्याच्या बाहेर राहते.

५. देय मनुष्य असता

पुढील वाक्ये पाहावीत.

(१) त्यानं पोरीले शाळेत पाठवलं.
(२) त्यानं पोरगी देशमुखाच्या पोराले देल्ली.
(३) त्यानं पोरीले देशमुखाच्या पोराले देल्ली.

पहिल्या वाक्यात सचेतन आणि निश्चित कर्माला 'ले' लागले आहे; ते नेहमीप्रमाणेच. दुसऱ्या वाक्यात तीच पोरगी, तितकीच सचेतन आणि तितकीच निश्चित, पण प्रत्ययाविना आली आहे. तिसरे वाक्य कानाला खटकते.

दुसऱ्या वाक्यातील प्रत्ययहीन 'पोरगी' पाहून कोणी म्हणेल की भाषा येथे मुलीला वस्तू मानते. निर्जीव कर्माला प्रत्यय नसतो, तसाच हिलाही नाही. कन्यादानाच्या कल्पनेशी हा निष्कर्ष जुळतोही. पण व्याकरणाचा पुरावा इतका सरळ नाही. 'त्यानं आपला पोरगा भावाले दत्तक देल्ला' या वाक्यातही पोरगा प्रत्ययहीनच आहे. 'त्यानं गोऱ्हा सोयऱ्याले देल्ला' म्हणणारा शेतकरी एरवी 'गोऱ्ह्याले बांधलं' असेच म्हणतो. मुलगी असो, मुलगा असो वा जनावर असो, प्रतिग्रहीता 'ले' घेऊन वाक्यात आला की देयाला आपले 'ले' सोडावे लागते. एका क्रियापदापुढे दोन 'ले' समोरासमोर आले तर कोण दिले आणि कोणाला दिले हे प्रत्ययावरून कळणार नाही. म्हणून एकाने माघार घ्यावयाची, आणि माघार घेणारे नेहमी देय असते. हिंदीतील लागोपाठच्या दोन 'को'संबंधी अशाच स्वरूपाच्या निर्बंधाची चर्चा तारा मोहनन यांनी १९९४ साली केली आहे.

६. गावाला दिलेली मुलगी

या स्पष्टीकरणाची कसोटी पुढील वाक्यांत लागते.

(४) पोरगी वरूडले देल्ली.
(५) पोरीले वरूडले देल्ली.
(६) तिले पांढुर्ण्याले देल्ली.

येथे दोन 'ले' एकाच वाक्यात आहेत आणि तरीही (५) व (६) ही वाक्ये सहज बोलली जातात. प्रमाण मराठीतही 'सुमनला काटोलला दिली' असे वाक्य कोणाला खटकणार नाही. दोन 'ले' केवळ उच्चाराला अवघड म्हणून टाळले जात असते तर ही वाक्येही टळली असती. ती टळत नाहीत, याचे कारण गावाला लागलेले 'ले' हे प्रतिग्रहीत्याचे 'ले' नाही. 'नागपूरले गेला' यात जे स्थलवाचक 'ले' आहे तेच येथे आहे. त्याच्या जागी सप्तमी ठेवता येते : 'पोरीले काटोलात देल्ली'. देशमुखाच्या पोराच्या बाबतीत सप्तमी शक्य नाही. उलट देशमुखांनाच ठिकाण मानून 'पोरीले देशमुखाकडं देल्ली' किंवा 'देशमुखाच्या घरी देल्ली' असे म्हटले की देयाचे 'ले' लगेच परत येते.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. रूपाने एक दिसणारे 'ले' अर्थाने एक नाही. प्रतिग्रहीता आणि ठिकाण हे निराळे संबंध आहेत. आणि देयाचे प्रत्ययहीन रूप हे देयाच्या दर्जावर नव्हे, तर समोर कोण आहे यावर अवलंबून आहे. समोर माणूस आला तर मुलगी प्रत्यय सोडते. समोर गाव आले तर तिला प्रत्यय ठेवण्याची मोकळीक असते.

(५) मधील क्रियापदाचे रूपही पाहण्यासारखे आहे. कर्माला प्रत्यय लागला की भावे प्रयोग होऊन क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी व्हावे, हा सामान्य नियम. त्यानुसार 'पोरीले वरूडले देल्लं' असे हवे, आणि तसेही म्हटले जाते. पण 'देल्ली' हे रूप अधिक परिचित आहे. कर्माला प्रत्यय असूनही क्रियापद त्याच्या लिंगाशी जुळते, या प्रयोगाला मराठी व्याकरणपरंपरेने कर्मभावसंकर हे नाव दिले आहे. म्हणजे प्रत्यय मुलीला सचेतन व्यक्ती म्हणून ओळखतो आणि सुसंगती तिला देय म्हणून ओळखते. तिसऱ्या भागात ज्या दोन खुणा परस्परविरोधी साक्ष देत होत्या त्या येथे एकाच शब्दाभोवती एकत्र येतात.

७. 'मले' चा पेच

देय तृतीयपुरुषी असते तोवर प्रत्यय सोडण्याचा मार्ग उपलब्ध असतो. 'पोरगी' म्हणता येते, 'ती' म्हणता येते. पण जी दिली गेली तीच बोलू लागली तर? प्रथमपुरुषी आणि द्वितीयपुरुषी सर्वनामांना कर्म म्हणून प्रत्ययहीन रूपच नाही. 'त्यानं मी मारलं' असे मराठी म्हणत नाही. 'मले' म्हणणे भाग आहे. मग समोर मनुष्य प्रतिग्रहीता असेल तर पुढील वाक्य तयार होते.

(७) बापानं मले देशमुखाच्या पोराले देल्लं.

हे वाक्य अडखळते. येथे कोणीही माघार घेऊ शकत नाही; 'मले' हे रूप अटळ आहे आणि 'पोराले' हेही. शिवाय देण्याच्या वाक्यात 'मले' ऐकताच श्रोता बोलणारीला घेणारी समजतो, दिली गेलेली नव्हे. या अडचणीला जगातील अन्य भाषांत समांतर उदाहरणे आहेत. फ्रेंचमध्ये 'मला' आणि 'त्याला' यांची ऱ्हस्व सर्वनामे क्रियापदापूर्वी जोडून येतात. पण 'त्याने माझी ओळख त्याच्याशी करून दिली' या अर्थी ती दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. प्रतिग्रहीत्याला क्रियापदानंतर स्वतंत्र शब्दयोगी अव्ययासह ठेवावे लागते. हास्पेलमाथ यांनी २००४ साली अशा निर्बंधांचा तौलनिक विचार केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, देण्याच्या प्रसंगात घेणारा बहुधा मनुष्य, त्यातही बोलणारा किंवा ऐकणारा असतो आणि देय बहुधा तिऱ्हाईत वस्तू असते; नेहमीच्या या वाटणीच्या विरुद्ध जाणारी रचना भाषांना जड जाते.

काटोलकडील बोली या पेचातून ज्या वाटांनी बाहेर पडते त्या सर्वांत प्रतिग्रहीत्याचे रूप पालटते. 'मले काटोलले देल्ली', 'मले देशमुखाच्या घरी देल्ली' येथे नवऱ्याच्या जागी गाव किंवा घर येते. 'मी काटोलले देल्लेली पोरगी' येथे धातुसाधिताचा आधार घेऊन 'मी' हे प्रथमान्त रूप परत मिळविले जाते. 'बापानं माहं लगन त्याच्यासंगं लावून देल्लं' येथे लग्न हे देय होते, 'देणे' सहाय्यक क्रियापद होते आणि नवऱ्याला साहित्यवाचक शब्द लागतो. चौथीही वाट आहे : 'माहं लगन झालं' म्हणून देण्याची क्रियाच वाक्यातून काढून टाकणे.

म्हणजे लेकीबाळी आपल्या लग्नाविषयी बोलताना नवऱ्यापेक्षा गावाचे नाव घेतात याचे स्पष्टीकरण केवळ नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रूढीत शोधणे पुरेसे नाही. रूढी आहेच, परंतु नाव न घेता 'देशमुखाच्या पोराले' म्हणण्यास रूढीची आडकाठी नाही. तेथे आडकाठी व्याकरणाची आहे. 'मले' म्हणणारी व्यक्ती आणि दुसरी 'ले' घेणारी व्यक्ती या क्रियापदापुढे एकत्र उभ्या राहू शकत नाहीत. गाव मात्र उभे राहू शकते.

८. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की मराठीतील 'देणे' हे सुसंगतीच्या कसोटीवर देयाला कर्म मानते, तर प्रत्ययाच्या कसोटीवर प्रतिग्रहीत्याला झुकते माप देते. द्वितीया-चतुर्थीचे प्रत्यय एकरूप झाल्यामुळे देय मनुष्य असताना या दोन कसोट्यांत संघर्ष होतो. तृतीयपुरुषात देय प्रत्यय सोडून हा संघर्ष मिटविते. प्रथमपुरुषात तो मिटत नाही, आणि म्हणून प्रतिग्रहीत्याचे ठिकाणात रूपांतर करावे लागते.

याचा उपयोग साहित्याच्या अभ्यासकालाही आहे. लोकगीतांतून, स्त्रियांच्या आत्मकथनांतून किंवा उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) सारख्या, वऱ्हाडी संवाद असलेल्या कादंबऱ्यांतून 'दिली' हे क्रियापद वाचताना 'मुलगी' प्रत्ययहीन आहे एवढ्यावरून तिला वस्तू मानल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याऐवजी वाक्यात घेणारा म्हणून कोण आहे, माणूस की गाव, आणि ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहिले पाहिजे. बाप 'पोरगी देशमुखाच्या पोराले देल्ली' म्हणतो तेव्हा त्याच्या वाक्यात तीन माणसे असतात. तीच पोरगी 'मले काटोलले देल्ली' म्हणते तेव्हा वाक्यात ती आणि एक गाव एवढेच उरते. समाजाने तिला काय दिले आणि काय नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पण त्या प्रश्नाचा पुरावा वाक्यात नेमका कोठे शोधावा हे कळते.